गोधडीतले पाणी

आमच्या घरात दोन वह्या जपून ठेवलेल्या आहेत. एक वजनाची, दुसरी मापांची. वजनाची वही आम्ही हौसेने विकत आणली होती. तिला लाल कापडी पुठ्ठा आहे. मापांची वही आपांची. तिची पाने तेलकट झालेली, कोपरे दुमडलेले, मध्येच कापडाच्या नमुन्यांच्या चिंध्या टाचलेल्या. या दोन वह्यांनी एकाच माणसाबद्दल दोन वेगळ्या गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. आम्ही मात्र चुकीच्या वहीवर विश्वास ठेवला.

आम्ही चौघी. मोठ्या भाभी, मधली आणि छोटी या तीन जावा, आणि आमची थोरली नणंद, जिला सगळा मोहल्ला आपा म्हणतो. वजनाची वही मधलीकडे असायची. हा मजकूरही तिच्याच हातचा आहे. पण बोलणे आमचे सगळ्यांचे आहे. चूक मात्र आम्हा तिघी जावांची.

सुरुवात झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये. मोहल्ल्यात साखर तपासणीचे मोफत शिबिर होते. आम्ही चौघी सकाळी उपाशीपोटी जाऊन बोटे टोचून घेऊन आलो. तिघींचे आकडे ठीक निघाले. आपांचा आकडा आला ११६. गल्लीतल्या डॉक्टरांनी पुन्हा प्रयोगशाळेत रक्त तपासून घेतले, तेव्हाही तसाच. ते म्हणाले, "उपाशीपोटी शंभरच्या आत हवी. १२६ आणि त्यापुढे दोनदा आली की मधुमेह. तुम्ही मध्ये आहात. हा आजार नाही, आजाराचा उंबरठा आहे. इथून मागे फिरता येते."

आपा काही बोलल्या नाहीत. त्या का बोलल्या नाहीत, ते आम्हाला माहीत होते. अब्बांची साखर आपांनीच काढली होती. आधी अंगठा गेला, मग पाय गुडघ्याखाली गेला, आणि २००९ मध्ये अब्बा गेले. शेवटची दीड वर्षे रोज सकाळी जखम धुणे, पट्टी बदलणे, हे सारे आपांनी केले. मुलांना बघवत नसे, सुनांना जमत नसे. आपा मात्र आधी पट्टी बदलायच्या आणि मग शिलाई मशिनवर बसायच्या. ११६ हा आकडा ऐकताच त्यांनी आपल्या पायांकडे पाहिले. ते आम्ही पाहिले.

मग आम्ही ठरवले, चौघींनी मिळून उतरायचे. एकट्या आपांना औषधाच्या बाटलीसारखे फिरायला पाठवायचे नाही. मोठ्या भाभींचे गुडघे दुखत होतेच. छोटीचे दुसऱ्या बाळंतपणानंतरचे वजन उतरले नव्हते. मधली शाळेत शिकवते. दिवसभर उभी असते, पण घरी आली की बसल्या जागी दोन वाट्या चिवडा संपवते. डॉक्टरांनी सांगितले, रोज अर्धा-पाऊण तास चाला, ताटातला भात-तेल-साखर कमी करा, आणि सहा महिन्यांत शंभरातले पाच ते सात किलो या हिशेबाने वजन उतरवा. म्हणजे आपांना ६८ किलोतून साडेतीन ते पावणेपाच. आम्हाला ते फारच थोडे वाटले. सहा महिने कशाला लागतात? आम्ही मनाशी म्हटले, डॉक्टर जुने आहेत.

वर्गणी काढून काचेचा डिजिटल काटा आणला. तो दशांशही दाखवायचा. आता वाटते, त्या दशांशानेच घात केला.

१ जानेवारी २०१८, सोमवार. कोल्हापूरची थंडी. रंकाळ्यावर धुके असे की पलीकडचा शालिनी पॅलेस दिसेना. फजरची नमाज आटोपून आम्ही बुरखे, स्वेटर, मफलर अशा अवतारात निघालो. पहिल्या दिवशी चौपाटीपासून संध्यामठ दिसेपर्यंत गेलो आणि कठड्यावर बसून दम खाल्ला. हसलो खूप. लग्न झाल्यापासून आम्ही चौघी घराबाहेर, कामाशिवाय, केवळ स्वतःसाठी म्हणून कधी बाहेर पडलो नव्हतो. पाण्यावरून येणारा गार वारा, हातात पिशवी नाही, डोक्यात डाळ-तांदळाचा हिशेब नाही. तेवढ्यानेच अंग हलके झाल्यासारखे वाटले.

घरी तिघी जावांनी कडक पथ्य सुरू केले. भात बंद, भाकरी बंद, चहातली साखर बंद. काकडी, उकडलेली अंडी, मूग आणि ताक. आपांनी तसे काही केले नाही. त्या मुलगा-सुनेकडे राहतात. वेगळे शिजवायला सांगणे त्यांच्या जिवावर येते. त्यांनी इतकेच केले की दोन भाकरींची दीड केली, भाताचा एक पळा कमी घेतला, आणि चहा अर्ध्या साखरेचा केला.

पुढच्या सोमवारी सोप्यात काटा मांडला. मोठ्या भाभी ८४.२ वरून ८१.६. छोटी ६६ वरून ६३.९. मधली ७२.३ वरून ७०.९. आपा ६८ वरून ६७.७.

काय आनंद झाला सांगू! मोठ्या भाभींनी तर काट्यावरून उतरून पुन्हा चढून पाहिले. एका आठवड्यात २.६ किलो! मधलीने वहीच्या कडेला लगेच हिशेब मांडला. रमजान १७ मेच्या सुमारास लागणार, म्हणजे १९ आठवडे. १९ गुणिले २.६ म्हणजे ४९.४. या वेगाने मोठ्या भाभी रमजानपर्यंत पस्तीस किलोंवर येणार! आम्ही पोट धरून हसलो. पण खोटे कशाला बोलावे, हसता हसता मनात निम्मा हिशेब खराही मानला. पस्तीस नाही तरी साठ. साठ नाही तरी पासष्ट. लहानपणी रेल्वे स्टेशनावर वजनाचे यंत्र असायचे. नाणे टाकले की दिवे फिरायचे आणि पुठ्ठ्याचे तिकीट पडायचे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आम्ही वजन न वाचता आधी भविष्यच वाचायचो. त्या सोमवारीही आम्ही तेच केले. फक्त भविष्य आमच्याच हाताने छापले.

त्या आनंदात परतताना मिसळ खाल्ली, हेही कबूल करून टाकतो.

दुसऱ्या सोमवारी मोठ्या भाभी ८१.९. म्हणजे वर. मधली ७१.२. तीही वर. छोटी जिथल्या तिथे. तिसऱ्या सोमवारी छोटी एक किलोने वाढली आणि रडली. महिन्याचे दिवस जवळ आले की अंगात पाणी साचते, काटा वर जातो, हे तिला आम्ही कुणी सांगितले नाही; कारण आम्हालाच त्याचा संबंध सुचला नाही. आम्ही विचारले, "काय खाल्लेस?" काटा आला आणि आम्ही एकमेकींच्या फौजदार झालो.

आपांचा आकडा तर हलायलाच तयार नव्हता. ६७.७, ६८.१, ६७.९, ६८, ६७.८. वास्तविक चौघींत सर्वांत नेमाने चालत होत्या त्या. आम्हाला उशीर झाला तर त्या चौकात येऊन उभ्या असत. चालण्याचा वेगही त्यांचाच वाढला होता. महिनाभरात आम्ही मागे आणि त्या दहा पावले पुढे. पण वहीत चालण्याचा रकाना नव्हता. वहीत फक्त वजन होते. दर सोमवारी रंकाळ्याच्या कठड्यावर बसून मधली वही मोठ्याने वाचायची, शाळेत निकाल वाचतात तशी.

१२ फेब्रुवारी, सहावा सोमवार. मोठ्या भाभी ८०.९, मधली ७०.१, छोटी ६३.२, आपा ६७.९. आमच्यातली एक म्हणाली, "आपा, रात्री दाराला कडी लावून बिर्याणी खाता की काय?" कोण म्हणाली ते आता महत्त्वाचे नाही. हसलो तिघीही. आपाही हसल्या. दुसऱ्या दिवशी त्या चौकात नव्हत्या. निरोप आला, लग्नसराईचे कपडे आहेत, वेळ नाही. तिसऱ्या दिवशीही तोच. मग आम्ही विचारणे सोडून दिले. सोडून दिले, कारण आम्हाला आमच्याच आकड्यांची चिंता लागली होती.

मोठ्या भाभींना तो पहिला आठवडा परत हवा होता. माणसाला एकदा पाचशेची नोट रस्त्यात सापडली की तो रोज खाली बघत चालतो, तसे त्यांचे झाले. त्यांनी रात्रीचे जेवण सोडले. टीव्हीवरची जाहिरात बघून पावडरीचा डबा मागवला. मार्चमध्ये एका दुपारी जिन्यावर त्यांना घेरी आली, तिसऱ्या पायरीवरून त्या पडल्या. नशिबाने मनगट मुरगळण्यावर भागले. पट्टी बांधायला डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा वही सोबत नेली. म्हटले, बघा, पहिल्या आठवड्यात अडीच किलो आणि पुढच्या पाच आठवड्यांत एक किलोही नाही. आमचे काय चुकते?

डॉक्टरांनी वही पाहिली आणि विचारले, "घरी गोधडी कोण धुते?"

आम्ही एकमेकींकडे पाहू लागलो.

ते म्हणाले, "गोधडी धुऊन पहिला पीळ दिला की बादलीभर पाणी पडते. दुसऱ्या पिळाला तांब्याभर. मग थेंब थेंब. पण म्हणून पहिल्या पिळात गोधडी कमी झाली का? गोधडी तेवढीच आहे. पहिल्या आठवड्यात तुम्ही गोधडी पिळलीत."

मग त्यांनी नीट समजावले. आपले शरीर भात-भाकरीतून मिळालेली साखर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवते. अडीअडचणीला लागणारी ही साठवण. मोठ्या माणसात ती अर्धा किलोच्या आसपास असते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. भात-भाकरी अचानक बंद केली की शरीर आधी ही साठवण वापरते, आणि तिच्याबरोबरचे पाणी लघवीवाटे निघून जाते. काटा दीड-दोन किलो खाली येतो. त्यात खाणे कमी म्हणजे मीठ कमी, पोटात अन्नही कमी. आणखी थोडा खाली येतो. एक दिवस दावत झाली, भात-रस्सा पोटात गेला, की तेच पाणी परत येते आणि काटा वर जातो. या जाण्या-येण्यात चरबीचा संबंध फार थोडा.

"आणि चरबी?" मोठ्या भाभींनी विचारले.

चरबीचा हिशेब मधलीने तिथेच वहीत उतरवून घेतला. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० उष्मांक. तासभर बऱ्या वेगाने चालले तर आमच्यासारखीचे खर्च होतात सुमारे २०० ते २५०. म्हणजे महिनाभर रोज तासभर चालले आणि एक घासही जास्त खाल्ला नाही, तर महिन्याला कशीबशी एक किलो चरबी उतरते. ताटातूनही थोडे काढले तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो. मोठ्या भाभींचे २.६ किलो जर सगळी चरबी असती, तर त्या आठवड्यात २० हजार उष्मांकांची तूट पडायला हवी होती. रोजची २८०० च्या वर. आमच्या वयाची बाई दिवसभरात तेवढे खर्चच करत नाही. सात दिवस पाण्यावर काढले असते, तरी ते शक्य नव्हते. गणित शिकवणाऱ्या मधलीने १९ ला २.६ ने गुणण्याआधी हा एक गुणाकार करायला हवा होता. तिने तो केला नाही. आनंदात माणूस उलटतपासणी करत नाही.

"म्हणजे तुमचे काही चुकत नव्हते," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्या आठवड्यापासून तुमचे काम बरोबर चालले होते. तुम्ही पहिल्या आठवड्याशी तुलना करून त्याला नापास केले." मग विचारले, "आपा का आल्या नाहीत?"

आम्ही गप्प.

खरे तर हे पाण्याचे गणित आमच्यासारख्यांना नवे असायला नको होते. दर रमजानला आम्ही ते पाहतो. पहिल्या आठ-दहा रोज्यांत चेहरे उतरतात, बांगड्या सैल होतात, जो तो म्हणतो, या वेळी चार किलो उतरवणार. मेमधले चौदा तासांहून लांब रोजे, घशाला कोरड. दुपारनंतर काट्यावर उभे राहिले तर किलो-दीड किलो सहज कमी दिसते. ते उतरलेले वजन नसते, प्यायचे राहिलेले पाणी असते. इफ्तारीला सरबत आणि भजी, मग शीरखुर्मा, आणि ईदच्या तिसऱ्या दिवशी बांगड्या पुन्हा घट्ट. वर्षानुवर्षे हे पाहूनही जानेवारीत आम्ही फसलोच. डोळ्यांनी पाहिलेले आणि मनाने मानलेले यांत अंतर असते.

त्याच वर्षीच्या रमजानमधली गोष्ट. ईदचे कपडे शिवायचे म्हणून आम्ही आपांकडे गेलो. आपांनी टेप गळ्यातून काढला, एकेकीचे माप घेतले आणि भुवया उंचावल्या. मोठ्या भाभींची कंबर गेल्या ईदपेक्षा दोन इंच कमी, छोटीची दीड. "जुने माप बघ गं," त्या म्हणाल्या आणि वही पुढे सरकवली. त्या प्रत्येक मापाखाली तारीख घालतात. चाळीस वर्षांची सवय. पाने उलटता उलटता मधलीला आपांचे स्वतःचे पान दिसले. डिसेंबर २०१७, कंबर ३७. त्याखाली १४ फेब्रुवारी २०१८, कंबर ३६.

१४ फेब्रुवारी. त्या हसण्यानंतरचा दुसरा दिवस. भाच्याच्या लग्नासाठी त्यांनी स्वतःचा कुर्ता बेतला होता. सहा आठवड्यांत त्यांचे वजन हलले नव्हते. कंबर एक इंचाने उतरली होती. म्हणजे पोटावरचे काही कमी होत होते, चालण्याने पाय भरत होते. टेप त्यांच्या गळ्यातच होता. माप त्यांच्याच अक्षरात लिहिलेले होते. पण निकाल लागला तो लाल वहीत, आणि तो आम्ही चौघींनीही मान्य केला. आपांनीसुद्धा.

"आता किती आहे?" छोटीने विचारले. आपांनी टेप लावला नाही. "छोड ना," म्हणाल्या, आणि मशिन चालू केले.

त्यानंतर मधलीने डॉक्टरांकडून या विषयावरचे बरेच काही समजून घेतले. दोन गोष्टी तिने आम्हाला वाचून दाखवल्या, त्या इथे सांगायला हव्यात. अमेरिकेत उंबरठ्यावरच्या ३,२३४ माणसांवर एक मोठा अभ्यास झाला; त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. सात टक्के वजन उतरवणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे, एवढेच एका गटाला उद्दिष्ट दिले होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. पण शिकवायला माणसे, पाठीवर हात ठेवायला माणसे असूनही, २४ आठवड्यांनंतर सात टक्क्यांचा पल्ला गाठला होता तो निम्म्याच लोकांनी. आणि आम्ही एकमेकींना सहा आठवड्यांत नापास केले होते!

दुसरा अभ्यास आपल्याकडचा, चेन्नईचा. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. उंबरठ्यावरचीच ५३१ माणसे. ज्यांना काहीच विशेष सल्ला दिला नव्हता, त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना खाणे सांभाळायला आणि चालायला लावले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के राहिले. आणि यातली खरी गोष्ट अशी की त्या लोकांचे वजन म्हणावे असे उतरलेच नव्हते. काटा हलला नाही, तरी आजार मागे सरला.

हे वाचून मधलीने चष्मा काढून ठेवला. आपांचा काटा हलत नव्हता, तेव्हा कदाचित हेच चालले असेल. कदाचित म्हणतो, कारण एका माणसाबद्दल छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. चालणाऱ्यांतल्याही ३९ टक्क्यांना तो झालाच. आपा चालत राहिल्या असत्या, तरी कदाचित झाला असता. पण त्यांना ती संधी मिळायला हवी होती.

ऑगस्ट २०१८ मध्ये आपांची साखर उपाशीपोटी १३४ आली. आठवड्याने पुन्हा तपासली, १३१. उंबरठा ओलांडला गेला होता. गोळ्या सुरू झाल्या.

त्या रात्री आम्ही तिघी आपांकडे गेलो. काय बोलायचे ते वाटेत ठरवले होते, पण दारात पोचल्यावर कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना. आपांनी चहा टाकला. स्वतःच्या कपात साखर घातली नाही. मग मधलीनेच सुरुवात केली. त्या दिवशी हसायला नको होते, वही मोठ्याने वाचायला नको होती, असे काहीबाही. आपांनी ऐकून घेतले.

"तुम हँसे इसलिए नै रुकी मैं," त्या म्हणाल्या. "मेरेकू लगा, मेरा बदन अब्बाकाच है. इसपर कुछ असर नै होता. फिर चलके क्या फायदा?"

आम्हाला वाटत होते, आपा रुसल्या. त्या रुसल्या नव्हत्या. सहा आठवडे न हललेल्या आकड्यात त्यांनी स्वतःचे नशीब वाचले होते. आमच्या हातात पहिल्या आठवड्याचे खोटे यश आले, आणि त्या यशाच्या शेजारी त्यांचे खरे काम त्यांना अपयश वाटले. मोठ्या भाभींचे २.६ नसते तर आपांचे ०.३ त्यांना डाचले नसते. जी पाव-अर्धा किलोची चाल सर्वांत शहाणी, तिलाच आम्ही हसलो.

अवाजवी आशा वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. आशेवाचून थंडीत पहाटे पाचला कोण उठते? पण आशेला मुदत कुठली घालायची, हे आधी कळले पाहिजे. लग्नाच्या हॉलमध्ये चार महिन्यांनी वीस किलो उतरवून प्रवेश करण्याची आशा दुसऱ्याच आठवड्यात मरते, आणि मरताना चालणेही बरोबर घेऊन जाते. घेरी आली, गुडघे दुखले, भूक लागली म्हणून पथ्य सोडणारे आम्ही थोडेच पाहिले. तिसऱ्या आठवड्यात काटा हलला नाही, म्हणून सोडणारे पुष्कळ पाहिले. घरचे लोकही त्यात भर घालतात. "काही फरक दिसत नाही," हे वाक्य आमच्या नवऱ्यांनी पंधराव्या दिवसापासून सुरू केले होते. पाव किलो माणसाच्या चेहऱ्यावर दिसत नसतो. तो असतो एवढेच.

ऑक्टोबर २०१८ पासून आपा पुन्हा येऊ लागल्या. पहिल्या दिवशी आम्ही चौकात त्यांच्या आधी जाऊन उभ्या राहिलो. काटा आता मोठ्या भाभींच्या पलंगाखाली असतो. महिन्यातून एकदा, पहिल्या सोमवारी, उठल्याबरोबर, चहाच्या आधी निघतो. ज्याचे वजन त्याने बघायचे, मोठ्याने वाचायचे नाही. लाल वहीत आणखी रकाने आले आहेत: आठवड्यात किती दिवस चाललो, कंबर किती इंच, जिना चढताना दम लागला का, आपांची साखर. कंबर मोजते ती आपाच. आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावी म्हणतात. आम्ही कुणीच तिथे पोचलेल्या नाही. त्या दिशेने तोंड आहे, एवढे खरे.

या गोष्टीला आता सात वर्षांहून अधिक काळ लोटला. २०२० मध्ये टाळेबंदीत रंकाळा बंद झाला, तेव्हा आम्ही गच्चीवर फेऱ्या मारल्या. मोठ्या भाभी वर्षभरात ७८ पर्यंत उतरल्या, पुन्हा थोड्या चढल्या, आता ७९ च्या आसपास आहेत. सुरुवातीच्या ८४ मधून सहा टक्के. डॉक्टरांनी सांगितलेले तेवढेच, आणि तेही त्यांनी सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिराने. आम्हाला जे थोडे वाटले होते, त्यासाठी एक वर्ष लागले. पण गुडघ्यांच्या गोळ्या सुटल्या. आपा ६५ वर आहेत. गोळ्या चालू आहेत, साखर आवाक्यात आहे. रोज रात्री त्या पाय धुऊन, पुसून, बोटांमध्ये बघतात. जसे अब्बांचे बघायच्या तसे. पाय शाबूत आहेत.

परवा मोठ्या भाभींची नवी सून आमच्याबरोबर यायला लागली. पहिल्या सोमवारी तिने घरीच वजन केले होते. रंकाळ्यावर पोचताच मोबाइलवर काढलेला काट्याचा फोटो आम्हाला दाखवला. एका आठवड्यात दोन किलो! चेहरा असा फुललेला की काही बोलवेना. पुढचा हिशेबही तिने करून ठेवला होता. ईदपर्यंत किती, भावाच्या लग्नापर्यंत किती. आम्ही तिघी एकमेकींकडे बघू लागलो. त्या आनंदावर पाणी कसे ओतायचे? आणि न ओतावे तर तिसऱ्या सोमवारी काय?

आपा दहा पावले पुढे होत्या. त्या थांबल्या, मागे आल्या, फोटो नीट पाहिला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"पानी है वो, बेटा," म्हणाल्या. "खुश हो. लेकिन हिसाब मत कर. कल आ."

ती दुसऱ्या दिवशी आली. आज तिचा पाचवा आठवडा आहे. आकडा किती, ते आम्ही विचारलेले नाही.